पाठ आहे, पण कळलंय का?

घरी पाहुणे आले की आपल्याकडे एक कार्यक्रम ठरलेला असतो. चहा-पोहे झाले की आई लेकराला पुढे करते. ‘‘बाळा, काकांना सगळ्या राज्यांच्या राजधान्या सांग बरं!’’ बाळ हात मागे बांधतं, डोळे छताकडे लावतं आणि धडाधडा सांगून टाकतं. पाहुणे टाळ्या वाजवतात. ‘‘वा! केवढा हुशार आहे हो!’’ आईचा चेहरा फुलून येतो. त्याच वेळी दाराशी उभ्या असलेल्या मोठ्या बहिणीकडे बोट जातं. ‘‘याचं डोकं चालतं बाई. हिच्या मात्र काही लक्षातच राहत नाही.’’

वाक्य साधंच असतं. बोलणारी विसरूनही जाते. पण ती मुलगी विसरत नाही. गंमत बघा, जिच्या काही लक्षात राहत नाही असं आपण म्हणतो, तिच्या नेमकं हेच आयुष्यभर लक्षात राहतं!

मैत्रिणींनो, बचत गटांच्या निमित्ताने आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांत माझं जाणं होतं. घरोघरी हेच माप लावलेलं दिसतं. पाठांतर चांगलं तर पोरगं हुशार, पाठांतर कच्चं तर ‘ढ’. या एका मापावर मुलीचं शिक्षण सुरू राहतं किंवा थांबतं. म्हणून आज जरा या मापालाच तपासून बघू या. स्मरणशक्ती आणि बुद्धी या दोन गोष्टी खरंच एक आहेत का?

शतावधानी रायचंदभाई

ही गोष्ट मुंबईची आहे, १८९१ सालची. बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतलेले तरुण मोहनदास गांधी डॉ. प्राणजीवन मेहतांच्या घरी उतरले होते. तिथे त्यांची ओळख रायचंदभाईंशी झाली. हेच पुढे श्रीमद् राजचंद्र म्हणून ओळखले गेले. तेव्हा ते पंचविशीच्याही आतले होते, मुंबईत जवाहिरांचा व्यापार करायचे आणि ‘शतावधानी’ म्हणून नावाजलेले होते. शतावधानी म्हणजे एकाच बैठकीत शंभर वेगवेगळ्या गोष्टींवर लक्ष ठेवून त्या बिनचूक सांगणारा माणूस. कोणी परक्या भाषेतले शब्द उलटसुलट क्रमाने देतं, कोणी गणित घालतं, कोणी कवितेसाठी विषय देतं. मध्येच घंटा वाजते, ती किती वेळा वाजली हेही ध्यानात ठेवायचं!

गांधीजींनी त्यांची परीक्षा घेतली. आपल्याला येत असलेले युरोपातल्या भाषांमधले शब्द एकामागून एक वाचून दाखवले. रायचंदभाईंना त्या भाषा येत नव्हत्या. तरी त्यांनी ते सगळे शब्द त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले.

यापुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वच्छ सांगितलंय, की या शक्तीचा त्यांना हेवा वाटला, पण ते तिच्यावर भाळले नाहीत. ते ज्यावर भाळले ते त्यांना नंतर कळलं. रायचंदभाईंचं शास्त्रांचं खोल ज्ञान, त्यांचं निर्मळ वागणं आणि आत्म्याचा शोध घेण्याची त्यांची तळमळ. लाखोंचे व्यवहार करणारा हा माणूस सौदा संपला की लगेच आपल्या धर्मचिंतनाच्या वहीकडे वळायचा. पुढे दक्षिण आफ्रिकेत धर्माबद्दल मनात शंका उठल्या, तेव्हा गांधीजींनी त्या पत्रातून रायचंदभाईंनाच विचारल्या. शंका विचारायला आपण ज्याला शंभर शब्द पाठ आहेत त्याच्याकडे जात नाही. ज्याला आपली अडचण समजते त्याच्याकडे जातो.

खुद्द रायचंदभाईंनी काय केलं? त्यांना युरोपात जाऊन हे प्रयोग दाखवायचं सुचवलं गेलं होतं. त्यांनी नकार दिला आणि विशीच्या आसपास जाहीर प्रयोगच बंद करून टाकले. ज्याच्याकडे ही शक्ती सगळ्यांत जास्त होती, त्यानेच तिला आपलं मोठेपण मानलं नाही.

आपल्या परंपरेतही हा फरक फार जुना आहे. वेद हजारो वर्षं पाठांतरानेच टिकले. आजही ती साधना करणारे आहेत. २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातला अवघ्या एकोणीस वर्षांचा देवव्रत रेखे याने काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या सुमारे दोन हजार मंत्रांचं अत्यंत अवघड असं दंडक्रम पारायण केलं. त्या तपश्चर्येला नमस्कारच केला पाहिजे. पण त्याच वेदांचे शब्द उलगडून सांगणारे प्राचीन आचार्य यास्क आपल्या ‘निरुक्त’ ग्रंथात बजावून ठेवतात, की अर्थ न जाणता नुसता वेद पाठ करणारा हा ओझं वाहणाऱ्या खांबासारखा असतो. म्हणजे पाठांतराची इतकी किंमत करणाऱ्या लोकांनीही ‘पाठ’ आणि ‘अर्थ’ यांची खाती वेगळी ठेवली होती. आपणच ती एकत्र करून टाकली!

काहीच न विसरणारा माणूस

तुम्ही म्हणाल, ‘‘ताई, पण जास्त लक्षात राहिलं तर वाईट काय?’’ वाईट काहीच नाही. पण नुसतं लक्षात राहणं म्हणजे समजणं नव्हे. त्याचं एक उदाहरण रशियातलं आहे. मॉस्कोमध्ये शेरेशेव्हस्की नावाचा एक वार्ताहर होता. १९२० च्या दशकातली गोष्ट. संपादक सकाळी कामं वाटून द्यायचे तेव्हा बाकीचे वार्ताहर लिहून घ्यायचे, हा मात्र कागद-पेन हातात घेत नसे. संपादकांनी जाब विचारला, तर याने सगळं शब्दन् शब्द परत म्हणून दाखवलं. लुरिया नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी मग कित्येक वर्षं त्याचा अभ्यास केला आणि १९६८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ऐकलेली शब्दांची यादीही तो सांगू शकत असे.

एकदा त्याला आकड्यांचा तक्ता दिला. पहिल्या ओळीत १, २, ३, ४. दुसरीत २, ३, ४, ५. तिसरीत ३, ४, ५, ६. चौथीत ४, ५, ६, ७. आपल्या तिसरीतल्या पोरीलाही यातली मेख कळेल. एकदा कळली की पाठ करायची गरजच नाही! या माणसाने मात्र एकेक आकडा मेहनतीने डोळ्यांसमोर आणून पाठ केला. यात काही क्रम आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

साधी गोष्ट वाचायची तरी त्याला त्रास व्हायचा. प्रत्येक शब्दाबरोबर मनात एक चित्र उभं राहायचं, आणि त्या चित्रांच्या गर्दीत गोष्टीचा अर्थ हरवून जायचा. नको असलेलं विसरता यावं म्हणून तो ते कागदावर लिहून कागद जाळून बघायचा. तरी ते विसरलं जायचं नाही! आपण विसरतो म्हणून स्वतःला कोसतो ना? पण फापटपसारा बाजूला टाकून मुद्द्याचं तेवढं उचलणं हेही बुद्धीचंच काम आहे. तांदूळ निवडताना खडे फेकावेच लागतात.

आकडे ७९, अक्षरं सहाच!

आता दुसरी बाजू. असामान्य वाटणारी स्मरणशक्ती पुष्कळदा सरावाची करामत असते. अमेरिकेत एका साध्या कॉलेज विद्यार्थ्यावर असा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. आकडे एकदा ऐकून परत म्हणायचे, एवढंच काम. आपल्या सगळ्यांसारखे त्यालाही सुरुवातीला सातच आकडे यायचे. दीडेक वर्षात सुमारे २३० तास सराव केला, आणि तो ७९ आकडे म्हणू लागला! युक्ती काय? तो धावपटू होता. तीन-चार आकडे मिळाले की तो त्यांची शर्यतीची वेळ करायचा. ‘हा झाला एक मैल धावायचा वेळ’ असं म्हणून गाठ बांधायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. किती आली? सहा! म्हणजे डोक्याची धार वाढली नव्हती. फक्त आकड्यांपुरती एक युक्ती हाताला बसली होती.

‘मेमरी पॉवर’ वाढवून देणारे महागडे क्लास, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’वाले, परीक्षेच्या तोंडावर विकली जाणारी चूर्णं आणि सिरप... यांच्या जाहिराती वाचताना हा प्रयोग आठवा. युक्तीने यादी पाठ होईलही. त्याने पोरगं गणितात नाही तर व्यवहारात शहाणं होईल, ही हमी कोणीच देऊ शकत नाही. डोळे बांधून वाचण्याच्या दाव्यांना तर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी जाहीर विरोध केला आहे.

नागपूरच्या दिव्याचा पट

मग स्मरणशक्ती आणि बुद्धीचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो आपल्या शेजारच्या नागपूरच्या मुलीने झकास दाखवून दिला आहे. दिव्या देशमुख! २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक झाला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपीसारखी अनुभवी खेळाडू. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांमध्ये एकोणीस वर्षांच्या दिव्याने बाजी मारली आणि विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला.

बुद्धिबळात पाठांतर लागतं. डावाच्या सुरुवातीच्या चाली, जुन्या मोठ्या खेळाडूंचे डाव, सगळं डोक्यात असावं लागतं. पण ते समोरच्या खेळाडूचंही पाठ असतं! दहा-पंधरा चालींनंतर पट असा होतो की तो कुठल्याच पुस्तकात नसतो. तिथून पुढे पाठांतर संपतं आणि डोकं सुरू होतं.

यावरही एक सुंदर प्रयोग आहे, १९७३ सालचा. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडून दाखवतो. नवशिक्याला चार-पाच जमतात. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या की निष्णात खेळाडूची करामत जवळजवळ संपते. तो नवशिक्याच्याच रांगेत येऊन बसतो! म्हणजे त्याला लक्षात राहतं ते समजतं म्हणून. स्मरण हे समजुतीच्या मागे चालत येतं. आपण मात्र मुलांना उलटं सांगतो, ‘‘आधी पाठ कर, समजेल नंतर!’’

शाळा न पाहिलेली बुद्धी

आणि ज्यांनी शाळेचं तोंडही पाहिलं नाही, त्यांचं काय? खान्देशातल्या आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करताना, जात्यावर बसून त्या ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी त्या लिहून घेतल्या म्हणून वाचल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. त्यांनी ऐकलेल्या ओव्या परत म्हटल्या असत्या तर त्यांचं पाठांतर चांगलं होतं एवढंच आपण म्हटलं असतं. त्यांनी रोजच्या चुली-शेतातून जगण्याचा अर्थ काढला, तो आधी कोणी सांगितलेला नव्हता. फरक हाच.

आपल्या जिल्ह्यातच बघा. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोणत्या इंजिनिअरने बांधले? कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी जमिनीचा उतार, पावसाची धाव, टेकड्यांची ठेवण बघून पाळ कुठे टाकायची ते ठरवलं. तलाव भरला की जास्तीचं पाणी कुठून काढायचं, खालच्या बांध्यांना कसं पोहोचवायचं, याचा हिशेब केला. हे कुठल्या पुस्तकातून पाठ केलेलं नव्हतं, कारण प्रत्येक गावाची जमीन वेगळी. तलावात कोणती वनस्पती माशांना उपयोगी आणि कोणती माजून तलावाचा घास घेते, हे ढिवर समाजातल्या मच्छीमारांना ठाऊक आहे. आपल्या भागातल्या काही तलावांतून बेशरम उपटून तिथे पुन्हा देशी पाणवनस्पती लावण्याचं काम याच बायामाणसांनी केलंय.

आणि आपली धानाची शेती? मृगात पऱ्हे टाकायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पाऊस लहरी झालाय म्हटल्यावर ‘‘यंदा सगळे पऱ्हे एकदम नोका टाकू, अर्धे आता, अर्धे आठ-दहा दिवसांनी’’ असं सांगणारी एखादी म्हातारी असते. पहिली खेप वाळली तर दुसरी रोवणीला हाताशी राहावी म्हणून! मागच्या चाळीस पावसाळ्यांची आठवण तिच्याजवळ असते हे खरंच. पण यंदाचं आभाळ मागच्या कुठल्याच वर्षासारखं नाही, हे ओळखून ती नवा निर्णय घेते. आठवण ही भांडवल झाली. ते कुठे आणि कधी लावायचं, हे ठरवते ती बुद्धी.

नऊशे रुपयांचा प्रश्न

एक घडलेलं सांगते. एका गावात आमच्या बचत गटाची बैठक होती. गावातल्या एका खासगी सावकाराचा माणूस बायकांना कर्जाची योजना समजावून सांगायला आला होता. ‘‘दहा हजार घ्या. व्याज शेकडा दोन, तुमच्या गटाचंही दोनच आहे ना? मग! दरमहा हजार मुद्दल आणि दोनशे व्याज. दहा महिन्यांत मोकळे!’’ बायका माना डोलवायला लागल्या. एका बाईंची लेक तिथे होती, शाळेत पहिल्या तिनात येणारी. तिने बसल्या बसल्या बारा गुणिले दहा तोंडी करून ‘‘बारा हजार फेडायचे’’ असं सांगितलं. हिशेब बिनचूक होता.

मागे आईजवळ दुसरी एक मुलगी बसली होती. दहावीत दोन विषयांत गेलेली. वडिलांनी शाळा बंद करून स्थळं बघायला सुरुवात केली होती. आई मला आधीच म्हणाली होती, ‘‘ताई, हिच्या डोक्यात काही रायतच नाही वो. कितीही वाच म्हटलं तरी कोरीच्या कोरी.’’ ती पोरगी हळूच म्हणाली, ‘‘माय, पयल्या महिन्यात हजार वापस केले, त मंग आपल्याजवळ नऊच हजार रायले ना? दुसऱ्या महिन्यात व्याज दहा हजारावर काहून?’’

बैठक एकदम शांत झाली. आम्ही फळ्यावर मांडलं. आपल्या गटात उरलेल्या मुद्दलावर व्याज लागतं. पहिल्या महिन्यात २०० रुपये, दुसऱ्यात १८०, तिसऱ्यात १६०, असं करत शेवटच्या महिन्यात २०. बेरीज ११०० रुपये. त्या माणसाच्या योजनेत २०००. दर तोच, शेकडा दोन, आणि फरक नऊशे रुपयांचा! ज्या घरात तेंदूपानाच्या हंगामाची आणि रोवणीची मजुरी हाच वरकड पैसा, तिथे नऊशे रुपये म्हणजे लेकरांची पुस्तकं आणि दप्तर. तो माणूस ‘‘साहेबांना विचारून सांगतो’’ म्हणून गेला, तो परत आला नाही.

पहिली मुलगी काही कमी नव्हती, तिचा गुणाकार अचूकच होता. पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुसरीने प्रश्नच तपासला. मार्कांच्या भाषेत पहिली हुशार आणि दुसरी नापास. त्या दिवशी मी तिच्या आई-वडिलांसमोर बसून हेच सांगितलं. ‘‘दादा, जिच्या डोक्यात काही राहत नाही म्हणता, तिनेच आज अख्ख्या गटाचे पैसे वाचवले. तिला व्याख्या पाठ होत नाहीत हे खरं. मग त्या समजावून देणारं कोणीतरी बघू या, पण शाळा बंद नका करू.’’ वडील लगेच मानले असं नाही. दोन-तीन चकरा माराव्या लागल्या. शेवटी फेरपरीक्षेचा फॉर्म भरला. गावातल्याच एका कॉलेजच्या मुलीने तिला रोज संध्याकाळी तासभर शिकवलं. गणित पहिल्या खेपेस निघालं, इंग्रजीला आणखी एक खेप लागली. आज ती बारावीला आहे आणि गटाची वही तीच लिहिते.

अशा किती मुली या एका चुकीच्या मापाने घरी बसल्या असतील, हा विचार मला झोपू देत नाही.

पाठांतराला शिव्या नकोत

याचा अर्थ पाढे बंद करा, कविता पाठ करू नका, असा मुळीच नाही हं! आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ होत्या, म्हणून बाजारात त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं. डोक्यात काही साठाच नसेल तर डोकं चालवणार कशावर? रिकाम्या जात्यातून पीठ कसं पडेल?

पुण्यातली ज्ञान प्रबोधिनी ही संस्था १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी सुरू केली. मुलांची बुद्धी मोजण्याचं तिथे मोठं काम झालं आहे. त्यासाठी गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीचा आधार घेतला गेला. या मांडणीत बुद्धीची पाच कामं सांगितली आहेत. समजून घेणं, लक्षात ठेवणं, एका प्रश्नाची अनेक उत्तरं शोधणं, अचूक एका उत्तरापर्यंत पोहोचणं आणि त्या उत्तराचा बरेवाईटपणा पारखणं. बघा, लक्षात ठेवणं हे पाचातलं एक. आपण मात्र एका बोटाला अख्खा हात समजून बसलो!

शिक्षण खात्यालाही हे उमगलं. म्हणून दहावीच्या भाषाविषयांत प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, मुलांनी स्वतःचं मत लिहावं म्हणून ‘स्वमत’ आलं. आणि आपण काय केलं? बाजारात गाईड आली, त्यात ‘स्वमता’ची तयार उत्तरं छापली गेली आणि पोरं दुसऱ्याने लिहिलेलं ‘स्वमत’ पाठ करू लागली! हसू येतं, पण वाईटही वाटतं.

आयांच्या हातात काय आहे?

पुष्कळ काही आहे, आणि त्याला फी लागत नाही.

मुलं वाचून उठली की ‘‘पाठ झालं का?’’ असं न विचारता ‘‘काय वाचलंस, मला समजावून सांग’’ म्हणा. आपण भाजी निवडत ऐकायचं. आपलं शिक्षण कमी असलं तरी काही बिघडत नाही, उलट बरंच! ज्याला माहीत नाही त्याला समजावताना आपलं कुठे अडतं ते मुलांना आपोआप कळतं.

पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून ‘काय आठवतं’ ते लिहायला सांगा. अमेरिकेत २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला होता. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा मिटून आठवणारे पुढे गेले. घोकंपट्टी आजच्यापुरती टिकते, आठवून बघितलेलं पुढे कामी येतं.

प्रश्न थोडा बदलून बघा. भंडाऱ्यातून वाहणारी नदी कोणती? वैनगंगा. हे झालं पाठांतर. आता विचारा, वैनगंगेला पूर आला की आपल्या गावात पाणी आधी कुठे शिरेल, आणि का? मुलं आधी गोंधळतील, मग खिडकीतून बाहेर बघून विचार करायला लागतील. तो क्षण मोलाचा असतो. त्या क्षणी घाईने उत्तर सांगून टाकू नका.

मुलांच्या ‘का’ला ‘‘गप बस, अभ्यास कर’’ म्हणू नका. ‘‘मला नाही माहीत, चल शोधू’’ म्हणा. राज्यांच्या राजधान्या आता मोबाईलही सांगतो. पण मोबाईलने सांगितलेलं खरं की खोटं, ते आपल्या कामाचं आहे की नाही, हे ठरवायला डोकं आपलंच लागतं.

आणि भावंडांची तुलना पाहुण्यांसमोर तर नकोच नको.

थोडं आपल्याबद्दल

जाता जाता आपल्याविषयीही बोलू. चाळिशी-पंचेचाळिशी उलटली की आपणच स्वतःला ‘ढ’ ठरवायला लागतो. ‘‘फ्रिज उघडला नि कशाला उघडला तेच आठवत नाही, माझं डोकंच गेलं बाई!’’ बाई गं, डोकं नाही गेलं. पाळी जाण्याच्या काळात विसरभोळेपणा वाटणं, शब्द ओठांवर येऊन अडणं, हे पुष्कळ जणींना होतं. त्यात झोप पुरेशी नसते आणि डोक्यात दहा जणांची वेळापत्रकं असतात! किराण्याची चिठ्ठी लिहा, लक्षात ठेवायचं ओझं कागदावर टाका आणि मोकळ्या डोक्याने विचार करा. मात्र रोजची ओळखीची वाट चुकायला लागली, हातचं काम कसं करायचं तेच सुचेना, पैशांचे साधे हिशेब चुकायला लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. घरातल्या सासू-सासऱ्यांच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवा.

नाव आठवत नाही म्हणून कोणी वेडी ठरत नाही, तसंच शंभर नावं आठवतात म्हणून कोणी शहाणी ठरत नाही. घरातलं भांडण कुठे थांबवायचं, तुटपुंज्या पैशात महिना कसा ओढायचा, कोणाच्या गोड बोलण्यामागे काय आहे, हे ज्या बाईला कळतं ती बुद्धिमानच आहे, तिने मॅट्रिक केलं असो वा नसो.

येत्या निकालाच्या दिवशी लेकीची मार्कशीट हातात घ्याल, तेव्हा तिला एवढंच विचारा, ‘‘या वर्षात तुला नवीन असं काय समजलं?’’ ती बोलायला लागली की थांबवू नका. मार्कशीटमध्ये नसलेलं बरंच काही तिच्या तोंडून ऐकायला मिळेल.